आधी अडचण, मग अ‍ॅप : विद्यापीठातल्या वर्गात नवं तंत्रज्ञान आणताना

पहिल्यांदा मी वर्गात मोबाइलवरून मतदान घ्यायचं ठरवलं, त्या दिवशी पन्नास मिनिटांच्या तासातली बावीस मिनिटं लॉगिनमध्ये गेली. कोणाला पासवर्ड आठवेना, कोणाचा ओटीपी येईना, मागच्या दोन बाकांपर्यंत वायफाय पोचतच नव्हतं. उरलेल्या वेळात कसेबसे दोन प्रश्न झाले. पडद्यावर रंगीत आलेख झळकला, मुलं खूश झाली, मीही झाले. घरी आल्यावर लक्षात आलं, की तो आलेख बघून मी पुढे काहीच वेगळं केलं नव्हतं. जे शिकवायचं ठरवून गेले होते तेच शिकवून परत आले होते.

लॉगिनचा घोळ आठवड्याभरात निस्तरला. दुसरी चूक सुधारायला मला दोन सत्रं लागली. पुढचं सगळं प्रामुख्यानं त्या दुसऱ्या चुकीबद्दल आहे. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे उदाहरणं त्यातली येतील. पायऱ्या मात्र इतिहास किंवा जीवशास्त्र शिकवणाऱ्यालाही चालाव्यात. आणि हे सगळं स्वतः तास घेणाऱ्या माणसासाठी आहे, खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्यासाठी नाही.

पायरी १ : अडचण एका वाक्यात लिहा

रिचर्ड क्लार्क या शिक्षणसंशोधकानं १९८३ साली एक तुलना केली होती : शिकवण्याचं माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून घरातल्यांचं पोषण बदलत नाही. यावर नंतर बरीच जुंपली. माध्यमाच्या स्वतःच्या अंगी काही गुण असतात, असं रॉबर्ट कोझमा यांनी प्रतिपादन केलं. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण साधन निवडायच्या आधी क्लार्क यांचा ट्रक डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

मागच्या वर्षीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मिळत असतील तर त्यातल्या वीस काढा. वरच्या पाच आणि खालच्या पाच नकोत, मधल्या घ्या. एक कोरा कागद घ्या आणि गुण न बघता फक्त चुका लिहीत जा. दहाव्या-बाराव्या उत्तरपत्रिकेपर्यंत तीच चूक पुन्हा पुन्हा दिसायला लागते. ती किती वेळा आली ते मोजा आणि तो आकडा तारीख घालून जपून ठेवा. वर्षअखेरीस त्याच्याशिवाय तुमच्या हातात काहीच नसेल.

आता वाक्य लिहा. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवायचा आहे’ ही अडचण नव्हे, ती अहवालातली ओळ आहे. ‘सरासरी आणि प्रसरण (आकडे किती पसरलेत त्याचं माप) यांतला फरक सूत्रात कळतो, पण शब्दांत विचारलं की वीसपैकी तेरा जण अडखळतात’ ही अडचण. ‘प्रयोगशाळेत येताना कृती वाचून येत नाहीत, पहिली पंधरा मिनिटं तीच समजावण्यात जातात’ हीसुद्धा अडचण. वाक्यात विषयातली एखादी नेमकी गोष्ट आली नाही तर ते फाडून पुन्हा लिहा.

हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळून थेट एखाद्या साधनाच्या कार्यशाळेला जाऊन बसतात.

पायरी २ : अडचणीला साजेसं साधन शोधा, आणि साधनाशिवाय भागतंय का तेही बघा

वर्गात शिकवताना कळलंय की नाही याचा अंदाज येत नसेल तर मतदान. तयारी न करता येत असतील तर तासाच्या आदल्या दिवशी तीन प्रश्नांची छोटी चाचणी. शिकलेलं महिनाभरात विसरत असतील तर अंतराअंतरानं घेतलेल्या चाचण्या. हातानं करायची कृती एकदा बघून जमत नसेल तर ती पुन्हा पुन्हा बघता येईल असं चित्रीकरण. लेखनावरचा अभिप्राय फार उशिरा पोचत असेल तर निकष आधीच भरून ठेवलेला तपासणी-तक्ता, जो जवळपास प्रत्येक शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीत (साहित्य, चाचण्या आणि गुण ठेवायच्या ऑनलाइन व्यवस्थेत) असतो आणि फारसा कोणी उघडत नाही.

साधनाशिवाय भागण्याचं उदाहरण हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांच्या पद्धतीत सापडतं. १९९०च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गती यांवरची एक साधी संकल्पना-चाचणी दिली. किचकट गणितं सोडवणारी मुलं तिथे अडकली. एकीनं तर विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की एरवी मी जसा विचार करते तसा करून लिहू? त्यानंतर त्यांनी तास बदलला : एक प्रश्न, एकट्यानं उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. क्लिकर नावाचं बटणांचं यंत्र त्यात नंतर आलं. पुढे नॅथॅनियल लॅस्री यांनी क्लिकर वापरणारा वर्ग आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं वर करणारा वर्ग यांची तुलना केली, २००८ साली ती छापून आली. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरचा फायदा नोंद राहण्यात होता.

म्हणून माझा नियम असा : नवी कृती पहिल्या वेळी कार्डांवर किंवा फळ्यावर करून बघायची. तिथे ती चालली आणि नोंद ठेवण्याची, वेळेची किंवा मोठ्या संख्येची अडचण आली, तरच अ‍ॅप.

पायरी ३ : साधन तपासा, आणि तेही विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून

आपल्या टेबलावरच्या संगणकावर सगळंच छान दिसतं. वर्गातला सगळ्यात जुना मोबाइल कोणाकडे आहे ते विचारा, त्या मुलाला दहा मिनिटं शेजारी बसवा आणि दुवा उघडायला सांगा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो कुठे थांबतो, काय दाबतो, केव्हा भुवया आकसतो, एवढंच बघायचं. कुठल्याही परीक्षणापेक्षा यातून जास्त कळतं.

त्यानंतर हे प्रश्न :

१. खातं न काढता वापरता येतं का? येत नसेल तर विद्यापीठाच्या एकाच लॉगिनवर चालतं का?
२. विद्यार्थ्यांची नावं, ईमेल, उत्तरं कुठे साठतात आणि ती पुसता येतात का?
३. तुमचे प्रश्न, गुण आणि साहित्य बाहेर काढून साध्या फाइलमध्ये उतरवता येतं का?
४. फुकट आवृत्तीत किती जण बसतात? बरीच साधनं एका ठरावीक संख्येनंतर दार लावून घेतात, आणि ते आपल्याला भर वर्गात कळतं.
५. उद्या हे बंद पडलं तर काय?

पाचवा प्रश्न कोणी मनावर घेत नाही. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळा कितीतरी शिक्षकांच्या हातात रुळला होता. २०२४च्या अखेरीस तो बंद झाला. उलट मूडल ही शिक्षण-व्यवस्थापन प्रणाली बघा. ते २००२ साली मार्टिन दुगियामास यांनी आणलं, त्याचा कोड खुला आहे आणि ते विद्यापीठाला स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं. मूडल दिसायला देखणं नाही, हे मान्य. पण दहा वर्षांपूर्वीची प्रश्नपेढी आजही उघडत असेल, तर देखणेपणाशी मी तडजोड करते.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. मोबाइलनं फोटो काढून केलेली नोट्सची पीडीएफ आपल्याला वाचता येते, पण पडदा-वाचक वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी ती नुसतं चित्र असते. त्यातलं एक अक्षरही त्याला ऐकू येत नाही. मजकूर निवडून कॉपी होतो का, ते बघा. होत नसेल तर फाइल टाईप केलेली द्या, निदान अक्षरओळख (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणारी सोय) चालवून तपासून द्या. आलेखात ‘लाल रेषा बघा, हिरवी बघा’ असं म्हणण्याऐवजी रेषांवर नावं लिहा. वेबसाठीच्या सुलभता-निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोधभाव किमान ४.५ : १ असावा असं म्हटलं आहे, पिवळ्यावर पांढरी अक्षरं लिहिणाऱ्या स्लाइडा या एका निकषावरच बाद होतात.

पायरी ४ : एक तास, एक प्रश्न

सगळा अभ्यासक्रम एकदम बदलायला जाऊ नका. एका विषयाचा एक घटक, त्यातला एक तास, आणि त्या तासात एकच नवी गोष्ट. मी जो तास पुन्हा पुन्हा घासूनपुसून वापरते त्यातली वीस मिनिटं इथे उलगडून दाखवते.

प्रश्न फळ्यावर असतो (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) :

एका वर्गाच्या गुणांची सरासरी ५२ आणि प्रमाण विचलन ८ आहे. सगळ्यांना ५-५ गुण वाढवून दिले. आता प्रमाण विचलन किती?
(अ) ८ (आ) १३ (इ) ८ पेक्षा जास्त पण १३ पेक्षा कमी (ई) प्रत्येकाचे गुण माहीत नसल्यामुळे सांगता येणार नाही

उत्तर ‘अ’. पण यातली खरी मेहनत चुकीच्या पर्यायांत आहे. ‘आ’ निवडणारा सरासरीचा नियम विचलनाला लावतोय. ‘इ’वाल्याला काहीतरी बदललं पाहिजे असं वाटतं, पण किती ते माहीत नाही. ‘ई’वाल्याला सूत्र पाठ आहे आणि त्यात सगळ्या किमती घातल्याशिवाय उत्तर येत नाही अशी त्याची समजूत आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका विचाराचा पत्ता असला पाहिजे. उगाच भरायचा म्हणून घातलेला पर्याय मतदानाचं अर्धं मोल घालवतो.

आता क्रम. दोन मिनिटं शांतता : एकट्यानं विचार, एकट्यानं मत. इथे मुलं लगेच कुजबुजतात, त्यांना थांबवावं लागतं. मतं आली की आलेख फक्त तुम्ही बघा. पडद्यावर दाखवलात तर पुढच्या फेरीत सगळे सर्वांत उंच खांबाकडे धावतात. चर्चा तिथेच संपते. बहुतेक अ‍ॅपमध्ये निकाल लपवण्याची सोय असते आणि ती मुळात बंद असते. आधी ती सुरू करा.

मग निर्णय, आणि माझ्या पहिल्या प्रयोगात नेमका हाच राहिला होता. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेत अर्थ नाही, चुकीचा विचारच पसरेल. संकल्पना दुसऱ्या उदाहरणानं पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर मिनिटभरात कारण सांगून पुढे जा. मधे असतील तर ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर देणारा शेजारी शोधा आणि त्याला पटवा’ एवढंच सांगून तीन मिनिटं बाकांमधून फिरा. ऐका. या तीन मिनिटांत मला जेवढं कळतं तेवढं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून कळत नाही. एकदा एक मुलगी शेजारणीला सांगत होती, ‘अगं, सगळी रांग पाच पावलं पुढे सरकली तर दोघींमधलं अंतर बदलतं का?’ ते उदाहरण मी उचललं आणि तेव्हापासून वापरते.

दुसरं मतदान. मग आलेख दाखवा, आधी एका चुकीच्या पर्यायाची बाजू कोणीतरी मांडू द्या, मग उत्तर.

आणि मग मागच्या बाकावरून हात वर झाला. ‘मॅडम, ज्याला ९८ होते त्याचं काय?’ शंभराच्या वर गुण जाऊ शकत नाहीत, त्यामुळे तो १०० वर अडकणार, बाकीचे पाचनं पुढे येणार, पसारा थोडा आकसणार. म्हणजे माझा प्रश्नच अर्धवट होता. त्या दिवशी तयार केलेल्या स्लाइडा बाजूला राहिल्या आणि उरलेला तास मर्यादा घातलेल्या मापनावर गेला.

मोबाइल हातात आले की मतदानानंतर ते परत खिशात जात नाहीत, ही तक्रार खरी आहे. ‘आता पडदा खाली करून बाकावर ठेवा’ असं प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचं आणि खरंच ठेवले जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. दोन आठवड्यांत सवय लागते.

पायरी ५ : व्हिडिओ करणार असाल तर

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-दर्शनांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी लक्ष टिकण्याची मध्यक वेळ फार तर सहा मिनिटांची निघाली. तेव्हा पन्नास मिनिटांचं भाषण कॅमेऱ्यासमोर ठेवून अपलोड करणं हे काम कमी आणि समाधान जास्त असतं. एका व्हिडिओत एकच मुद्दा, पाच-सहा मिनिटं, शेवटी एक प्रश्न.

चित्र थोडं अंधुक चालतं, आवाज खराब असेल तर कोणी थांबत नाही. पंखा बंद करा, खिडकी लावा, साधा कॉलरचा माइक घ्या. स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचू नका. डोळे आणि कान एकाच मजकुरावर भांडत बसतात. ‘मागच्या मंगळवारी आपण पाहिलं’ असली वाक्यं टाळा, म्हणजे व्हिडिओ पुढच्या वर्षीही चालेल. आपोआप येणारी उपशीर्षकं जरूर वापरा, पण एकदा वाचून घ्या. माझ्या एका व्हिडिओत ‘प्रमाण विचलन’चं ‘प्रमाण विचारून’ झालं होतं, आणि सबंध सत्र मुलं मला ‘विचारून’ काढायला सांगत होती.

फाइल हलकी ठेवा. स्लाइड आणि आवाज एवढंच असेल तर ४८० पिक्सेलही पुरतात. सोबत नुसता आवाज आणि दोन पानांचा मजकूर दिलात तर ज्याचा डेटा संपलाय त्याचीही सोय होते.

पायरी ६ : चाचण्या मोजण्यासाठी नव्हे, आठवण्यासाठी

तंत्रज्ञानानं खरोखर काही स्वस्त केलं असेल तर ते म्हणजे वारंवार चाचणी घेणं. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग माहीत असावा असा आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा अभ्यास म्हणजे पुन्हा वाचणं, आणि परीक्षेच्या सकाळी ते फसवं बळ देतं.

दर आठवड्याला पाच प्रश्न ठेवा : तीन चालू घटकावरचे, दोन महिन्याभरापूर्वीचे. गुण नाममात्र, दोन संधी. मूडलमध्ये आकडे आपोआप बदलणारा गणनेचा प्रश्नप्रकार आहे. एकच गणित प्रत्येकाला वेगळ्या संख्यांनी पडतं, त्यामुळे उत्तर ग्रुपवर टाकून उपयोग होत नाही, पद्धतच टाकावी लागते. ती टाकली तर टाकू द्या. निदान पद्धतीवर बोलणं होतं.

प्रत्येक चुकीच्या पर्यायाला एका ओळीचा अभिप्राय लिहा. ‘चूक’ हा अभिप्राय नव्हे. ‘तुम्ही ५ मिळवलेत, एखाद्या संख्येचं सरासरीपासूनचं अंतर बदललं का, ते एकदा बघा’ हा अभिप्राय. पहिल्या वर्षी हे लिहिताना जीव जातो. पन्नास प्रश्नांची पेढी व्हायला मला एक अख्खी सुट्टी लागली.

आणि मुदत रात्री बाराची ठेवू नका. शेवटच्या अर्ध्या तासात सगळे एकदम येतात, काहीतरी अडतं, आणि अडलं की विचारायला कोणी जागं नसतं. संध्याकाळी पाच ही बरी वेळ.

पायरी ७ : कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे गृहपाठ

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि ‘घरून निबंध लिहून आणा’ या कामाचा अर्थ बदलला. पहिली प्रतिक्रिया पकडण्याची होती, माझीही. पण पकडणारी साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच ओळख-साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. साधे शब्द आणि ठोकळेबाज वाक्यरचना हाच त्या मुलांचा गुन्हा. अशा आकड्यावर कोणाचे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. फार तर तो संवादाला निमित्त ठरावा, पुरावा नव्हे.

त्याऐवजी हे करा. तुमचा प्रत्येक गृहपाठ आधी स्वतः यंत्राला देऊन बघा आणि आलेलं उत्तर नेहमीच्या निकषांनी तपासा. दहापैकी आठ पडत असतील तर तो प्रश्न आता घरी द्यायचा राहिला नाही. तो वर्गात, कागदावर घ्या, किंवा बदला : तुमच्याच प्रयोगशाळेतली आकडेवारी द्या, वर्गात झालेल्या वादाचा संदर्भ मागा, कच्चा मसुदा आणि पक्का मसुदा दोन्ही मागा. मोठ्या प्रकल्पाला प्रत्येकी पाच मिनिटांची तोंडी जोडा. ‘हा तक्ता इथे का घेतलास?’ एवढ्या प्रश्नात बरंच उघड होतं.

प्रत्येक कामाच्या डोक्यावर एक ओळ असू द्या : या कामात यंत्राची मदत चालणार नाही; किंवा भाषा सुधारण्यापुरती चालेल; किंवा मोकळेपणी वापरा, पण काय विचारलं ते शेवटी जोडा. मुलं बऱ्याचदा नियम मोडत नाहीत, त्यांना नियम माहीतच नसतो. आणि पाच विषयांत पाच वेगळे नियम असतात.

तिसऱ्या प्रकारातला माझा आवडता स्वाध्याय : यंत्रानं दिलेलं विश्लेषण घ्या आणि त्यातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून आणा. दुरुस्ती करायला विषय यावा लागतो. एक पथ्य आपल्यासाठीही : विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका नावासकट बाहेरच्या सेवेत चिकटवून ‘तपास’ म्हणायचं नाही. तो मजकूर त्याचा आहे आणि त्याची परवानगी आपण घेतलेली नसते.

पायरी ८ : कुरकुर ऐकायची तयारी

‘मॅडम, तुम्हीच शिकवा ना, आम्ही आपापसात बोलून काय होणार?’ हे वाक्य येणारच. २०१९ साली हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या पातळीच्या वर्गांत झालेल्या अभ्यासात चर्चा आणि प्रश्नांतून शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त आलं, पण त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असं वाटलं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना अडचणी दिसतात. ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगून टाका. मी त्याबरोबर २०१४चं विज्ञान आणि अभियांत्रिकी विषयांमधल्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषणही सांगते : नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. संख्याशास्त्राची मुलं असल्यामुळे ती लगेच ‘नमुना कसा निवडला?’ म्हणून विचारतात, आणि तासाची सुरुवात छान होते.

सहकाऱ्यांना पटवायला जाऊ नका. त्यांना मागच्या बाकावर येऊन बसायला सांगा. बघितलेली गोष्ट पसरते, सांगितलेली नाही.

प्रोजेक्टरचा दिवा जाणार, नेट जाणार, वीजही जाणार. कपाटात चार रंगांच्या कार्डांचा गठ्ठा आणि प्रश्नांची छापील प्रत असू द्या. माझा नियम दोन मिनिटांचा : तेवढ्यात चालू झालं नाही तर कार्डं काढायची. वायरी हलवत उभं राहिलेल्या शिक्षकाकडे बघत शंभर जणांचा वेळ जातो.

पायरी ९ : उपयोग झाला का, ते मोजा

‘८७ जणांनी लॉगिन केलं’ हा निकाल नाही. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं आणि जगभर गाजावाजा झाला. पूर्ण करणारे २० हजारांच्या आसपास होते. २० हजार हाही मोठाच आकडा आहे, पण गाजला तो पहिला.

तुमच्याकडे पहिल्या पायरीवर मोजलेली चूक आहे. सत्राच्या शेवटी तसाच प्रश्न घाला, पुन्हा मधल्या वीस उत्तरपत्रिका काढा आणि तीच चूक मोजा. तेराच्या जागी बारा आले तर साधनानं काही केलेलं नाही, आलेख कितीही रंगीत असो. सहा आले तर पुढच्या वर्षी पुन्हा करून बघा. एका वर्षाची तुकडीच हुशार असू शकते. शेजारी स्वतःचे तासही लिहा : तयारीला किती गेले, तांत्रिक अडचणींना किती, तपासणीतले किती वाचले. तीन सत्रं उलटूनही दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठाच राहत असेल तर ते साधन सोडा. सोडायला लाजू नका. मी आजवर आणलेल्या साधनांपैकी निम्म्याहून जास्त सोडली आहेत.

सत्र संपलं की तीन कामं त्याच आठवड्यात करायची. गुण आणि प्रश्न आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे. बाहेरच्या सेवेवरची विद्यार्थ्यांची नावं आणि उत्तरं पुसायची. आणि एक पान लिहायचं, म्हणजे पुढच्या वर्षी हा विषय दुसऱ्या कोणाकडे गेला तर त्याला पहिल्यापासून लॉगिनशी झुंजावं लागणार नाही. माझ्या गेल्या सत्राच्या पानावरच्या शेवटच्या दोन नोंदी अशा आहेत : ‘खोली बदलली तर वायफाय आदल्या दिवशी मागच्या बाकावरून तपासणे. ९८वाला प्रश्न यंदा कोणी विचारला नाही. पुढच्या वेळी आपणच विचारणे.’